रंजनाताईची तिरकी काच

रंजनाताई सकाळी दुकान उघडलं की आधी उदबत्ती लावायची आणि मग काच पुसायची. फोटोफ्रेमच्या कामातून उरलेला हातभर लांबीचा तो एक तुकडा होता. कोपऱ्यातल्या उभ्या विटेवर ती त्याचं एक टोक टेकवायची आणि वरच्या कडेला ड्रॉपरने तीन थेंब सोडायची. एक पाण्याचा, एक डाय शाईचा, एक पिगमेंट शाईचा. मग कमरेवर हात ठेवून बघत राहायची. पाणी आधी खाली पोचायचं, त्याच्या मागे डाय, आणि सगळ्यात शेवटी पिगमेंट, मागे जाडसर शेपूट ठेवत.

"आज बरंय काका," ती म्हणायची. नाहीतर, "आज पिगमेंट आळसावलंय. जरा थांबा."

काका म्हणजे माझे पप्पा. तिने 'बरंय' म्हणेपर्यंत ते मशीनचं बटण दाबायचे नाहीत. दुकान त्यांचं, मशीन त्यांची, आणि वाट बघायची तिच्या तोंडाकडे. मी काउंटरच्या मागे पासपोर्ट फोटो कापत हे रोज बघायची आणि मला त्या तीन थेंबांचा राग यायचा.

आमचं दुकान नारायणगावात, एसटी स्टँडपासून टोमॅटो मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पूर्वी पप्पांचा फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आल्यावर फोटो काढायला कोणी येईना, तेव्हा त्यांनी प्रिंटिंग सुरू केलं. लग्नाचे फोटो, ओळखपत्रं, मोठ्या करून लावायच्या तसबिरी, आणि द्राक्षांच्या सीझनमध्ये पेट्यांवर लावायचे स्टिकर. मी इंग्लिश मीडियमला शिकले, पुण्यात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि परत आले. पप्पा म्हणाले, "दुसरं काही ठरेपर्यंत दुकानात बस." त्याच दिवाळीत त्यांनी नवी मशीन घेतली. फोटोची जुनी मशीन डाय शाईवर चालायची, ही पिगमेंटवर. रोलचे स्टिकरही करायची आणि सुटे कागदही. पप्पांनी जाहीर केलं होतं, "हिच्यावर कायमचं कोण बसणार ते सीझनमध्ये बघून ठरवू." तिथे दोनच नावं होती. एक आठ वर्षं दुकानात असलेलं आणि एक त्यांच्या स्वतःच्या रेशनकार्डावरचं. मला ती खुर्ची हवी होती. मी हे कोणाला बोलले नाही. मी बहुतेक गोष्टी बोलत नाही.

रंजनाताई पिंपळवंडीची. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. वय माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी जास्त, अंगाने बारीक, चालताना चपला फरफटत यायची, त्यामुळे ती येतेय हे दोन दुकानं अलीकडेच कळायचं. डब्यात रोज शेंगदाण्याची चटणी. ती पप्पांना झाकणात काढून द्यायची आणि पप्पा घरच्या भाजीला हात लावायच्या आधी ती खायचे. मशीनला ती 'म्हस' म्हणायची. "म्हस आज लाथा मारतीय," म्हणजे कागद अडकतोय. मशीन चालू असताना ती तिच्याकडे पाठ करून बसायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "निळं संपत आलंय." संपत आलेलं असायचं.

मला ती 'मॅडम' म्हणायची. त्यात टोमणा किती आणि लाड किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझी एक अडचण तिला पहिल्याच आठवड्यात सापडली होती. गिऱ्हाईक मोबाइल नंबर सांगायचं, "अठ्ठ्याण्णव, एकोणऐंशी, सदुसष्ट..." आणि माझा पेन थांबायचा. मराठी आकडे मला तीसच्या पुढे अजूनही पटकन कळत नाहीत. मग मागून, मशीनपाशी पाठ करून बसलेल्या रंजनाताईचा आवाज यायचा, "नाइन एट, सेव्हन नाइन, सिक्स सेव्हन, मॅडम." गिऱ्हाईक हसायचं. मी लिहायची. कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

तिचे वडील गुळव्या होते. गुऱ्हाळात कढईतला रस कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. उतरवायला जरा उशीर झाला तर गूळ करपतो, जरा घाई झाली तर वडी बसत नाही. लहानपणी ती वडिलांच्या शेजारी उभी राहून कालथ्यावरून पडणारी काकवी बघायची. "बाप काय शिकवत नव्हता," ती सांगायची. "नुसता म्हणायचा, बघ. मी बघत व्हते. आजून बघतीच हाय."

शाईचं तिचं सगळं ज्ञान तिथून आलेलं. पप्पांनी तिला एकदा विचारलं, डाय आणि पिगमेंटमध्ये फरक काय गं नेमका? हे मला येत होतं. मी तोंड उघडेपर्यंत तिने उत्तर देऊन टाकलं.

"डाय म्हंजे सरबत, काका. साखर पाण्यात इरघळली, आता ती काय येगळी दिसायची न्हाई. आन पिगमेंट म्हंजे ताक. बारीक कण हायेत, ते इरघळत न्हाईत, नुसते तरंगत ऱ्हात्यात. न्हाई ढवळलं तर तळाला बसतं. लई घुसळलं तर फेस येतो, आन फेस शाई फवारणाऱ्या हेडात गेला की छापताना पांढऱ्या रेघा."

म्हणून ती पिगमेंटची बाटली कधी खळखळ हलवायची नाही. दोन्ही हातांत धरून सावकाश उलटी करायची, सावकाश सुलटी करायची, वीस वेळा. तेवढ्यात कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायची नाही.

पप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ना? लक्षात ठेव." मी कॉलेजात यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं.

एकदा पुण्याहून एक विक्रेता स्वस्तातली शाई घेऊन आला. टाय लावलेला, बोलका. पप्पा जवळजवळ तयार झाले होते. रंजनाताईने बाटलीतला एक थेंब काचेवर सोडला. तो पाण्याच्याही पुढे पळाला.

"भाऊ, ही लई पातळ हाय," ती म्हणाली. "माझ्या म्हशीच्या तोंडातून लाळ गळंल. अक्षरं फुटत्याल."

"ताई, तुम्ही इंजिनियर आहात का?" त्याने हसून विचारलं.

"न्हाई. गुळव्याची पोरगी हाय. च्या घेणार का?"

त्याने चहा घेतला आणि बाटल्या परत बॅगेत भरल्या. तो गेल्यावर मी पप्पांना सांगितलं की शाईच्या दाटपणाला व्हिस्कॉसिटी म्हणतात, ती कमी असली की थेंब नोझलच्या, म्हणजे हेडाच्या बारीक भोकाच्या, तोंडाशी टिकत नाही, बाहेर पसरतो, आणि कागदावरही जास्त फैलावतो. पप्पांनी मन लावून ऐकलं. "बरोबर," ते म्हणाले. "रंजी तेच म्हणाली."

त्यांचं चूक नव्हतं. ती तेच म्हणाली होती.

पण जे मला सगळ्यात जास्त लागलं ते तळेघरच्या बाबांचं प्रकरण. भीमाशंकरकडच्या डोंगरातून एक म्हातारे गृहस्थ आले होते, अर्धी वाट चालत आणि अर्धी जीपने. त्यांच्याकडे कुठल्याशा लग्नातला घोळक्याचा फोटो होता, आणि त्या घोळक्यात मागच्या रांगेत त्यांची गेलेली बायको. तेवढीच वेगळी काढून मोठी करून हवी होती. ते काम मला मिळालं. मी दोन दिवस स्क्रीनसमोर बसून तिच्या खांद्यावरचा दुसऱ्या कोणाचा तरी हात काढला, चेहरा उजळवला, लाल लुगड्याचा रंग परत आणला आणि चकचकीत कागदावर डाय शाईत छापलं. फोटो इतका सुरेख आला होता की पप्पा "वा" म्हणाले. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि दारातल्या उजेडात नेऊन पाहिला. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट माझी झाली.

रंजनाताई मागून आली. "बाबा, ही लावणार कुठं?"

"पुढच्या भितीला. दारासमोर."

"भितीला ओल येती का?"

"येती की. आमच्याकडं चार म्हयनं धुकं. मिठाचं बी पाणी व्हतं, पोरी."

तिने पाण्याच्या बाटलीत बोट बुडवलं आणि माझ्या फोटोच्या कडेवर, लुगड्याच्या काठाशी, हलकेच फिरवलं. बोट उजेडाकडे धरून बघितलं. ते लाल झालं होतं. तिने ते बाबांना दाखवलं, मग पप्पांना. मला दाखवलं नाही. पण मी बघितलं होतं.

मग तिने नव्या मशीनवर, पिगमेंट शाईत, साध्या जाड कागदावर दुसरी प्रत काढली. माझीच फाइल, माझंच काम. "जरा फिकी दिसंल बाबा. पर भितीवर राहील."

बाबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि फिका उचलला. "ती बी अशीच व्हती," ते म्हणाले. "चमकणारी न्हवती. राह्यली मातर न्हाई."

रंजनाताईने कुंकवाच्या जागी आलेला धुळीचा कण नखाने अलगद काढून टाकला आणि फोटो कागदात गुंडाळला. बाबा तिला आशीर्वाद देऊन गेले. माझी चकचकीत प्रत काउंटरवर राहिली, एका कोपऱ्यात बोटाचा लाल फराटा असलेली.

त्या आठवड्यात मी ठरवलं की तिला एकदा तरी चुकीचं ठरवायचं.

मेडिकलमधून दहा मिलीची सिरिंज आणली. ती उभी धरायची, ठरलेल्या रेघेपर्यंत शाई भरायची आणि सुईतून ती रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजायचं. जेवढी शाई दाट तेवढे सेकंद जास्त. दुपारी दुकान शांत असायचं तेव्हा मी हे करायची. कॉलेजच्या जर्नलसारखा नीट तक्ता केला: शाईचं नाव, सेकंद, आणि शेवटी 'डन बाय' असा रकाना. लॅबमध्ये तो लागायचा, म्हणून हात आपोआप वळला. प्रत्येक ओळीपुढे माझी इंग्रजी आद्याक्षरं.

मग एके दिवशी तिच्यासमोर नंबर घातलेल्या पाच बाटल्या ठेवल्या आणि म्हटलं, "यांचा क्रम लावून दाखवाल?"

"परीक्षा का मॅडम?" ती हसली आणि काच पुसायला लागली. पाच थेंब सोडले. पातळपासून दाटपर्यंत ओळ लावली. फक्त दोन बाटल्या तिने जोडीने ठेवल्या. "ह्या दोगी सारख्याच."

माझ्या तक्त्यात त्या दोघींमध्ये अर्ध्या सेकंदाचा फरक होता. मला आत आनंद झाला. घरी जाऊन रात्री आठवलं की माझ्या बोटाला स्टॉपवॉच थांबवायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणजे त्या सारख्याच होत्या.

तिला मात्र तक्ता फार आवडला. कागद हातात घेऊन तिने बोटाने एकेक ओळ वाचली. "हे झ्याक हाय. मला एक द्या ना. मी बी लिवत जाईन." मग जरा थांबून म्हणाली, "पर हे सकाळचं मोजलं का दुपारचं?"

उष्णता वाढली की शाई पातळ होते, थंडीत दाट होते. हे मला पाठ होतं. तक्त्यात तो रकाना असायलाच हवा होता हे त्या क्षणी मला लख्ख दिसलं. पण ते तिने विचारलं होतं. "एवढ्याशाने काही फरक पडत नाही," मी म्हणाले. "फायनल झाला की देते."

मी तो तिला कधीच दिला नाही.

जानेवारीत आमच्याकडे थंडी कडक असते. सकाळी शटरला हात लावला तर चटका बसल्यासारखं होतं. त्या दिवसांत रंजनाताई मशीनवर अंड्यांचं पुठ्ठ्याचं मोठं खोकं उपडं घालायची आणि आत एक बल्ब लावून ठेवायची. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतात तसं. अर्ध्या तासाने खोकं काढलं की मशीन कोमट झालेली असायची, आणि मगच छपाई. मला ते दृश्य बघून लाज वाटायची. एवढी मोठी मशीन आणि वर अंड्यांचं खोकं.

तिच्या भावाची सुपारी होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं, म्हणून तिने एक दिवस सुट्टी घेतली. नेमकं त्याच दिवशी एका पॅक हाउसचे द्राक्षांच्या पेट्यांचे स्टिकर दुपारपर्यंत द्यायचे होते, आणि पप्पांना सकाळीच रोल आणायला पुण्याला जावं लागणार होतं. स्टिकर पिगमेंटमध्येच हवेत, कारण पेट्या कोल्ड स्टोरेजमधून बाहेर आल्या की त्यांना घाम येतो आणि डायचा रंग उतरतो. स्टिकरवर बारकोड होते.

"श्रेया करेल," पप्पा म्हणाले. माझं नाव आणि ते काम एकाच वाक्यात त्यांनी पहिल्यांदा घेतलं.

रंजनाताईने मला खोक्याचं तीनदा सांगितलं. आदल्या संध्याकाळी निघताना. मग पायऱ्या उतरून परत वर येऊन. आणि सकाळी सात वाजता फोन करून, मागे बायकांचा गलका चाललेला असताना, "मॅडम, खोकं घाला, बल्ब लावा, अर्धा तास. मगच."

मी खोकं घातलं नाही. ते माळ्यावर होतं, तिथेच राहू दिलं.

मशीन सुरू केली तर छापलेल्या स्टिकरांवर पांढऱ्या रेघा. हेड दोनदा साफ केलं, रेघा तशाच. शाई दाट झालेली, नोझलमधून नीट सुटत नव्हती, एवढं मला कळलं. मी सिरिंज काढली, शाई मोजली. तक्त्यातल्या आकड्यापेक्षा कितीतरी सेकंद जास्त. मग मी डिस्टिल्ड वॉटर घातलं. थोडं घालायचं, मोजायचं, पुन्हा थोडं. शेवटी आकडा तक्त्यातल्या आकड्याशी अगदी जुळला. मी ती शाई टाकीत ओतली, हेडपर्यंत चढवली, आणि मशीन लोण्यासारखी चालायला लागली. रेघ नाही, अडकणं नाही. पहिला रोल झाला तेव्हा मला वाटलं, पप्पांनी आत्ता यायला हवं होतं.

तक्त्यातला तो आकडा दुपारचा होता. ऊन आलेल्या दुकानातला. थंडीत आखडलेल्या शाईत पाणी घालून मी तिला दुपारइतकी पातळ केली होती, आणि खरी दुपार अजून यायची होती. साडेअकराला पत्र्यावर ऊन आलं. दुकान तापलं, शाई आणखी सैल झाली. बारकोडच्या बारीक काळ्या रेघा फुगत फुगत एकमेकींना टेकायला लागल्या. एवढ्या थोड्याने, की उभं राहून बघणाऱ्याला दिसू नये. पॅक हाउसचा माणूस झालेले रोल तसतसे नेत होता आणि मी रोल मोजण्यात गुंग होते.

बारा वाजता पॅक हाउसच्या सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, पयल्या रोलचं ठीक हाय. त्यापुढचे बारकोड मशीन वाचतच न्हाई. गाडी दारात उभी हाय आमची."

पप्पा पुण्याहून पोचले तेव्हा मी हातात स्टिकर धरून उभी होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. फोन काढला आणि म्हणाले, "रंजे, सुपारी फुटली का? यावं लागंल गं."

ती पाऊण तासात जीपने आली. अंगावर जांभळी साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातावर अत्तराचा वास. चपला तशाच फरफटत. आल्या आल्या टाकीतला एक थेंब काचेवर सोडला आणि शेजारी पाण्याचा. दोघे जोडीने खाली आले.

तिची नजर फळीवर गेली. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तिथे उघडा होता, झाकण शेजारी. तिने झाकण उचललं, कॅनला घट्ट लावलं आणि कॅन खाली, कागदांच्या मागे ठेवून दिला. मग पप्पांकडे वळली.

"काका, चूक माझी. म्हस थंड व्हती, शाई नीट सुटली न्हाई. खोक्याचं मॅडमना सांगायचं इसरलेच मी. घरात सुपारीची गडबड."

"इसरलीस?" पप्पा तिच्याकडे बघत राहिले. "तू?"

"इसरले."

माझ्या तोंडात 'नाही' तयार होता. मी तो गिळला. तो 'नाही' मी आता इथे लिहितेय. मराठीत एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही, पण पप्पा इंग्रजी वाचत नाहीत, आणि हे वाचायचंय त्यांनीच आधी. पप्पा, तिने मला तीनदा सांगितलं होतं. पाणी मी घातलं.

तिने टाकी रिकामी केली, हेड धुतलं, साडीचा पदर खोचून, ऊन असूनही पप्पांना दिसेल असं खोकं घातलं, बल्ब लावला. पप्पा सुपरवायझरशी बोलायला बाहेर गेले तेव्हा मी विचारलं, "का?" एवढंच विचारता आलं.

ती नवी बाटली सावकाश उलटी करत होती. मधे बोलायची नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी थांबले. वीस वेळा झाल्यावर तिने बाटली खाली ठेवली.

"तुमाला रोज त्यांच्यासंगं जेवाया बसायचंय, मॅडम," ती म्हणाली. "मी सांजच्याला माझ्या घरी जाते."

मला तिचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मला वाटलं, हिने माझी चूकसुद्धा माझ्याकडे राहू दिली नाही. तीही हिच्याच नावावर गेली, आणि हिच्या नावावर जाऊन किती देखणी झाली. असं वाटलं ते वाटलं. खोटं लिहून काय करू?

स्टिकर तीनला गेले. पुढच्या सोमवारी पप्पा जेवताना म्हणाले, "मशीनवर शेवटी घरचं माणूस बरं. तिचं लक्ष आता घरात असतंय." आणि भाकरीचा तुकडा मोडला. अशी ती खुर्ची मला मिळाली. मी 'बरं' म्हणाले.

रंजनाताईने त्यानंतर दोन महिने मला सगळं शिकवलं. आवाज कसा ऐकायचा, बाटली कशी उलटायची. त्यात तिने काही राखून ठेवलं असेल असं मला वाटत नाही, आणि शिकवताना ती एकदाही त्या दिवसाबद्दल बोलली नाही. मार्चमध्ये तिने पप्पांना पेढे दिले. घोडेगावला, तहसील कचेरीजवळ, एक गाळा मिळाला होता. जाताना तिने काच वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. वीट ठेवून गेली. मी दुसरी काच कापून आणली आणि त्याच विटेवर टेकवली. थेंब अजूनही रोज खाली जातात. मी बघते. मला अजून पप्पांना 'बरंय' म्हणायला धीर होत नाही, आणि पप्पा आता चटणीशिवाय जेवतात.

मागच्या महिन्यात एका नातेवाइकांच्या दाखल्यासाठी मला घोडेगावला जावं लागलं. काम झालं तरी जीपला वेळ होता. तिचा गाळा सापडायला वेळ लागला नाही. दारात तीन बायका ओळखीच्या असल्यासारख्या बसल्या होत्या.

"अगं बया, मॅडम!" ती उठली. जरा जाड झाली होती. चष्मा लागला होता. "बसा. च्या सांगते. काका कसं हायेत? गोळ्या घेत्यात का येळेवर?" मी उत्तर देण्याआधीच ती चपला फरफटत शेजारच्या टपरीकडे गेली.

मी भिंतीकडे बघितलं. तिरक्या काचेच्या वर, प्लास्टिकच्या पाकिटात, माझा तक्ता होता. तो मी त्या जानेवारीतच चोळामोळा करून कचऱ्यात टाकला होता. त्याच्या घड्या हाताने सपाट केलेल्या दिसत होत्या. उजव्या बाजूला तिने पट्टीने एक नवा रकाना आखला होता, 'थंडी / ऊन'. माझ्या प्रत्येक ओळीपुढे तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'दुपार, ऊन'. त्याखाली चिकटवलेल्या कागदांवर तिच्या स्वतःच्या ओळी, महिन्यांमागून महिने. आणि माझी शेवटची ओळ आणि तिची पहिली ओळ यांच्या मध्ये एक ओळ:

'सुपारीचा दिवस. पिगमेंट. पाण्याबरोबर पळालं. सकाळ, लई थंडी. बल्ब न्हाई. पाणी घातलं.'

'डन बाय'चा रकाना तिथे कोरा होता. वर सगळीकडे माझी आद्याक्षरं, खाली सगळीकडे 'रंजना'. तेवढाच एक चौकोन कोरा.

पप्पांना जे सांगितलं ते एक, आणि इथे लिहिलं ते खरं. शाईच्या बाबतीत तिला खोटं लिहवलं नाही, आणि माझं नावही लिहवलं नाही. मला पुन्हा तिचा हेवा वाटला, अगदी पूर्वीसारखा. काउंटरला दोरीने एक पेन बांधलेला होता. मी पाकिटातून कागद जरा ओढला आणि त्या चौकोनात मराठीत लिहिलं, 'श्रेया'. पुन्हा आत सरकवला तर तो नीट जाईना. कोपरा बाहेर राहिला.

ती चहा घेऊन आली. आम्ही पप्पांच्या गोळ्यांबद्दल बोललो, तिच्या भावाच्या मुलीबद्दल बोललो. "आकडं याया लागलं का आता? एकोणसत्तर म्हंजे किती, सांगा बघू."

"सिक्स्टी नाइन," मी म्हणाले. ती टाळी वाजवून हसली. दारातल्या बायकाही हसल्या. जीपवाला हाक मारायला लागला.

मी खिडकीशी बसले. जीप भरेपर्यंत समोर तिचा गाळा दिसत होता. तिने कप उचलले, फडकं घेतलं, काच पुसायला वळली, आणि पाकिटातून बाहेर आलेला कोपरा तिला दिसला. तिने कागद काढला. चष्मा कपाळावर चढवून जवळून वाचला. कितीतरी वेळ वाचला. एका शब्दाला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त.

मग तिने शेजारच्या ग्लासात बोट बुडवलं आणि कागदावर, त्या चौकोनापाशी, हलकेच फिरवलं.

जीप सुरू झाली. ती बोट उजेडाकडे धरून बघत होती. ते कोरडं होतं की रंगलेलं, एवढ्या लांबून मला दिसलं नाही.